भाकणूक, नेम आणि आमोस धनगर

हिंदवाडीकर
गेल्या यात्रेला मामांबरोबर आप्पाचीवाडीला जाऊन आलो. निपाणीकडच्या मंडळींना सांगायला नको, पण इतरांसाठी: हालसिद्धनाथाच्या यात्रेत भाकणूक होते. ढोल, भंडाऱ्याची उधळण, माणसं घोंगडी पांघरून बसलेली, आणि मग नाथाच्या नावानं पुढच्या वर्षाचं सांगणं. पाऊसपाणी, पीकपेरा, बाजारभाव, राजकारण, सगळं. नंतर पेपरात छापूनही येतं. मामा ऐंशीला टेकलेत. दरवर्षी भाकणूक कान देऊन ऐकतात आणि मग शेतात आधी ठरवलेलं असतं तेच करतात.

परत आल्यावर बँकेतल्या माझ्या जुन्या सहकाऱ्याला हे सांगितलं. तो खानापूर तालुक्यातला, कॅथलिक, इथं या ऑनलाइन मंचावर 'नंदगडी' नावानं लिहितो. म्हटलं, "तुमच्याकडं संदेष्टे, आमच्याकडं भाकणूक. एकच की." तो म्हणाला, "आमचे संदेष्टे पाऊस किती पडणार ते सांगत फिरत नव्हते रे. राजाचं काय चुकतंय ते राजाच्या तोंडावर सांगायचे." तेव्हापासून डोक्यात भुंगा शिरलाय.

प्रश्न असा. काही धर्मांत देव माणसाला गाठतो, निरोप देतो आणि गावात पाठवतो. काहींत माणूस गाव सोडतो, डोळे मिटतो, आत उतरतो. पहिल्यात तोंड उघडावं लागतं, दुसऱ्यात मिटावं लागतं. आपल्या भागात दोन्ही शेजारी शेजारी नांदतात. मग आपले संत कुठल्या बाजूला बसवायचे? आणि दोन्हींत काही उजवं-डावं असतं का?

माझा यातला स्वार्थही सांगून टाकतो. वडील निंबाळच्या गुरुदेव रानड्यांच्या परंपरेतले. पहाटे साडेतीनला उठून नेमाला, म्हणजे रोजच्या ध्यानाला, बसायचे, संध्याकाळी सायकलनं बेळगावच्या हिंदवाडीतल्या गुरुदेव रानडे मंदिरात. १९८७ साली त्यांच्या कचेरीतल्या एका शिपाईकाकांवर पैसे उचलल्याचा आळ आला. पैसे कुणी उचलले ते वडिलांना ठाऊक होतं. आईशी चाललेलं त्यांचं बोलणं मी ऐकलं होतं. काकांची नोकरी गेली. वडील बोलले नाहीत. त्या दिवसांतही पहाटे दार लोटून घ्यायचे. मी दहावीत होतो. ध्यान म्हटलं की मला अजून ते लोटलेलं दार दिसतं.

निपाणीचा तंबाखू
पयला नंबर!
आप्पाचीवाडी आमच्यापास्नं हाकेच्या अंतरावर. तुमच्या मामास्नी एकदा भेटलंच पायजे. ऐकायचं नाथाचं आणि करायचं मनाचं, ह्योच खरा शेतकरी.

कोपऱ्यातली खुर्ची
वाचतोय. खुर्ची ओढून बसलोय, बेळगावी कुंदा (मिठाई हो!) कुणीतरी आणा.

नंदगडी
माझं नाव घेतलंच आहे तर एक चूक आधी दुरुस्त करतो. एलियानं दुष्काळ सांगितला होता. म्हणजे पाऊस अगदीच वर्ज्य नव्हता. पण तो सांगितला अहाब राजाला, आणि त्याच्या वागण्यावर बोट ठेवून.

आता आमोस ऐका. ख्रिस्तापूर्वी आठवं शतक. हा माणूस मेंढरं राखणारा, उंबरासारख्या झाडांची फळं सांभाळणारा, यहूदातल्या तकोवा गावचा. तेव्हा यहुद्यांची राज्यं दोन, दक्षिणेचं यहूदा आणि उत्तरेचं इस्राएल. हा दक्षिणेचा धनगर सीमा ओलांडून उत्तरेतल्या बेथेलला गेला. तिथं राजाचं देऊळ. तिथं उभं राहून म्हणाला की देवाला तुमचे सण नकोत, तुमच्या गाण्यांचा गोंगाट नको. न्याय पाण्यासारखा वाहू द्या. गरिबाला तुम्ही पायतणाच्या जोडापायी विकता, असंही सुनावलं.

देवळाच्या पुजाऱ्यानं, अमस्या त्याचं नाव, काय उत्तर द्यावं? "तुझ्या यहूदात परत जा, तिथं भाकर खा, तिथं काय सांगायचं ते सांग. इथं नको, हे राजाचं पवित्रस्थान आहे."

बेळगावात राहून हा उतारा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी मोठ्यानं हसलो होतो. तुमच्या राज्यात जा आणि तिथं भाकर खा! हे वाक्य आपल्याला कुणी शिकवायची गरज आहे का?

आणि आमोसचं उत्तर असं की, मी संदेष्टा नाही, संदेष्ट्याचा मुलगाही नाही, मी गुराखी. मेंढरांमागनं मला उचललं. त्याला ध्यान येत होतं की नाही ते पोथीत नाही. त्याला ऐकू आलं आणि तो गेला, बस्स.

पेठेतला पुणेकर
सात प्रतिसादांच्या आत सीमाप्रश्न. बेळगावकरांनो, नवा विक्रम.

निपाणीचा तंबाखू
@पुणेकर, सातवा प्रतिसाद म्हंजे तुमचाच व्हणार हुता, म्हणून आदीच उरकलं.

संपादक मंडळ
राज्यं, पाट्या, मोर्चे यांवर इथं लिहू नये. इ.स.पू. आठव्या शतकातली सीमा चालेल.

अथणीची चप्पल
पायतणाच्या जोडापायी गरिबाला विकणं... माझं नाव बघा आणि मला का लागलं ते समजा. आमच्या घरात तीन पिढ्या चामडं कमावलं. लोक ज्याला कोल्हापुरी म्हणतात तो जोड आमच्या अथणीतही होतो. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं त्यात महाराष्ट्राचे चार जिल्हे आणि कर्नाटकाचे चार, बेळगाव त्यात आहे.

जोडाचीच गोष्ट सांगतो. हरळय्या चांभार आणि त्याची बायको कल्याणम्मा. बसवण्णांनी त्यांच्या नमस्काराला दोन वेळा नमस्कार केला, तो एक जादाचा नमस्कार यांना भारी झाला. म्हणून दोघांनी स्वतःच्या मांडीचं कातडं काढून बसवण्णांसाठी जोड केला. ही कथा झाली. पण पुढं हरळय्याच्या मुलाचं लग्न मधुवरस या ब्राह्मण शरणाच्या, म्हणजे बसवण्णांच्या अनुयायाच्या, मुलीशी लागलं, तेव्हा बिज्जळ राजाच्या दरबारानं दोघा बापांना देहदंड दिला, आणि त्याची राजधानी कल्याण (आजचं बसवकल्याण) पेटली. बाराव्या शतकात. ध्यान करत बसले असते तर कुणी हात लावला असता का?

बैलहोंगल बस
@अथणीची चप्पल, दंडवत.

माझं शिक्षण कन्नडातून, घरात मराठी. त्यामुळं शरणांची वचनं मुळातून वाचतो आणि मराठीत वाद घालतो. धागाकर्त्याच्या प्रश्नाचं उत्तर अनुभवमंटपात, शरणांच्या चर्चासभेतच आहे, कारण तिथं दोन्ही माणसं एका छताखाली होती. बसवण्णा: बिज्जळाचा भांडारी, हिशेब बघणारा, भांडणारा, घरात पंगती उठवणारा. आणि शून्यसिंहासनावर, म्हणजे त्या सभेच्या अध्यक्षपदी, अल्लमप्रभू, ज्याच्या वचनाचा अर्थ लावताना आमच्या कॉलेजातले सरसुद्धा घाम पुसायचे. गुहेश्वरा म्हणून हाक मारायची आणि तुमच्या पायाखालची सतरंजी ओढायची, ही त्याची तऱ्हा.

सोलापूरचा सिद्धराम सगळ्यांना माहीत आहे. सोन्नलिगेत, म्हणजे तेव्हाच्या सोलापुरात, तळं खोदून घेत होता, देवळं बांधत होता. अल्लम तिथं गेला आणि कामगारांना विचारलं, "तो तुमचा वड्डर सिद्धराम कुठाय?" म्हणजे दगडमाती खोदणारा. कामगार दगड घेऊन धावले. मग अल्लम आणि सिद्धराम यांची जी खडाजंगी झाली त्याचा मथितार्थ असा: बाहेर तळं खोदतोस, आत काय खोदलंस? सिद्धराम त्याच्याबरोबर कल्याणला गेला आणि पुढं त्याच शून्यसिंहासनावर बसला.

पण गंमत बघा. तळं अजून आहे. सोलापूरला गेलात की दिसतं. अल्लमानं हिणवलं त्याच तळ्याकाठी लोक आज डोळे मिटून बसतात.

नंदगडी
वा! हे मला माहीत नव्हतं.

शहापूरची सून
सगळे पुरुष बोलून घ्या, मग मी बोलते असं ठरवलं होतं. पण आता राहवत नाही.

ध्यानाला बसायला दार लोटता येतं, कारण दाराबाहेर कुणीतरी असतं. माझे सासरे, देव त्यांचं भलं करो, दोन तास जपाला बसायचे. त्या दोन तासांत सासूबाई पाणी भरायच्या, चूल पेटवायच्या, आणि "आवाज करू नका गं" म्हणून आम्हाला दटावायच्या. म्हणजे त्यांच्या शांततेची राखणदारीसुद्धा बाईकडंच. आमचे तुकोबा भंडाऱ्यावर बसायचे, आणि भाकरी घेऊन डोंगर चढायची आवली. काटा तिच्या पायात मोडला. तुम्ही कुठल्या बाजूला बसवणार ते तुकोबांना बसवा, मला आवली कुठं बसते ते सांगा.

आणि संदेष्ट्यांचं कौतुक चाललंय म्हणून: पेटलेल्या कल्याणातून जे पांगले त्यांत बायका होत्या की. एम. के. हुबळीला हायवेच्या पुलावरून जाताना मलप्रभेच्या पात्रात मंटप दिसतो ना, तो बसवण्णांच्या पत्नीचा, गंगाम्बिकेचा. आम्ही धारवाडला जाताना दरवेळी त्या पुलावरून हात जोडतो. जोडताना एकदा तरी मनात येतं की हिला विचारलं होतं का कुणी, तुला क्रांती हवी की घर?

हिंदवाडीकर
@शहापूरची सून, ताई, आईची आठवण आली. आमच्याकडंही दूध तापवताना भांडं वाजू नये म्हणून आई पदरानं धरायची.

सदलगेकर
मी दिगंबर जैन, त्यामुळं या दोन खणांत मला ठेवायला जागाच नाही, हे आधीच सांगतो. आमच्यात देव निरोप देत नाही, कारण निरोप देणारा जगाचा कर्ताच आम्ही मानत नाही. मग आम्ही ध्यानवाले? तसं म्हणा. पण महावीरांना केवलज्ञान, म्हणजे पूर्ण ज्ञान, झाल्यावर काय झालं ते ऐका. आमच्या दिगंबर परंपरेत सांगतात की ६६ दिवस ते बोलले नाहीत. समवसरण भरलेलं, ऐकणारे बसलेले, आणि वाणी नाही. कारण ती पेलून दुसऱ्यांना सांगू शकेल असा माणूस नव्हता. इंद्रभूती गौतम आला, आणि मग राजगृहाजवळ विपुलाचलावर दिव्यध्वनी सुरू झाला.

म्हणजे जिंकून झालं, कळून झालं, तरी ऐकणारा येईपर्यंत तोंड उघडलं नाही. तुमचा आमोस ऐकणारा नको म्हणत असतानाही ओरडतो. मला दोन्ही पटतात, पण आमच्या घरातला कल पहिल्याकडं.

"ध्यानातून उठून लोकांत बोलला का" ही मोजपट्टी सगळ्यांनी धरलीय असं दिसतंय. ती मला मान्य नाही. आमच्या भागातून आचार्य शांतिसागर गेले, मूळचे भोजचे. १९५५ साली कुंथलगिरीला सल्लेखना घेतली. त्यांनी मोर्चा काढला नाही म्हणून ते पळाले असं म्हणणार का? अन्नपाणी टप्प्याटप्प्यानं सोडत जाणारा माणूस, भोवती हजारो लोक, आणि तो शांत. त्याला कुणाला काही पटवायचं नव्हतं. आमच्या सदलग्याचे विद्यासागर महाराजांनी २०२४ साली डोंगरगडला देह ठेवला, त्या दिवशी आमच्या गल्लीत दुकानं कुणी बंद करायला सांगितली नव्हती. झाली.

पेठेतला पुणेकर
मला एक बाळबोध शंका. "मला देव म्हणाला" असं कुणीही म्हणू शकतो. "मला आत दिसलं" असंही. तपासायचं कसं? आप्पाचीवाडीचं निदान वर्षानं कळतं, पाऊस पडला की नाही.

नंदगडी
शंका बाळबोध नाही, यिर्मयाच्या काळापासूनची आहे. यिर्मया मानेवर लाकडी जू घालून यरुशलेमेत फिरायचा: बाबिलोनचं जू येणार, मान्य करा. दुसरा संदेष्टा हनन्या, त्यानं सगळ्यांसमोर ते जू मोडलं आणि म्हणाला, दोन वर्षांत सगळं ठीक होणार. दोघेही "परमेश्वर असं म्हणतो" म्हणूनच बोलत होते. ऐकणाऱ्यानं काय करावं?

यिर्मया म्हणतो, जो सुखशांतीचं भाकीत सांगतो त्याचं खरं झालं की मगच त्याला देवानं पाठवलंय असं समजा. म्हणजे गोड बोलणाऱ्याकडं जास्त संशयानं बघा. मी बँकेत होतो, कर्ज मागणाऱ्यांना हीच कसोटी लावायचो.

ग्रंथकीटक
या विभागणीला पंडिती बापही आहे. जर्मन अभ्यासक हायलर यांनी १९१८ साली प्रार्थनेवरच्या ग्रंथात संदेष्ट्याची भक्ती आणि गूढवाद्याची भक्ती असे दोन साचे मांडले. एकात देवाशी बोलणं, मागणं, भांडणंसुद्धा. दुसऱ्यात मागणारा मी विरघळत जाणं. माक्स वेबरनं वेगळी फोड केली: आज्ञा घेऊन येणारा संदेष्टा, आणि स्वतःच्या जगण्यातून वाट दाखवणारा. बुद्ध दुसऱ्यात.

आता मजा. धागाकर्त्याच्या घरापासून चालत जाता येईल अशा मंदिराचं नाव ज्यांच्यावरून आहे, त्या गुरुदेव रानड्यांनीच हा घोळ आधी घातलेला आहे. जमखंडीचे, जन्म १८८६, अलाहाबादला तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, निंबाळला आश्रम, १९५७ साली तिथंच देह ठेवला. महाराष्ट्रातल्या संतांच्या गूढवादावर त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९३३ चा. त्यात त्यांनी सगळ्यांना गूढवादीच म्हटलं, पण जाती पाडल्या: ज्ञानदेवांचा बौद्धिक, नामदेवादींचा लोकशाही, एकनाथांचा समन्वयाचा, तुकारामांचा व्यक्तिनिष्ठ, रामदासांचा कृतिशील. म्हणजे 'कृतिशील ध्यान' हा खण त्यांना पाडावाच लागला. दोन खणांत माल मावत नव्हता.

कोपऱ्यातली खुर्ची
कुंदा अजून आलेला नाही.

कॅम्पातला
असदखान दर्ग्याच्या पलीकडं राहतो. इतके दिवस वाचतच होतो.

आमच्यात या प्रश्नावर एक फार प्रसिद्ध वाक्य आहे. गंगोहचे शेख अब्दुल कुद्दूस, चिश्ती सूफी. प्रेषित मुहंमद (स.) मेराजच्या रात्री सातव्या आसमानापलीकडं जाऊन परत आले. शेखसाहेब म्हणाले, "अल्लाची शपथ, मी तिथवर पोहोचलो असतो तर परतलो नसतो." इक्बालनं आपल्या व्याख्यानात हेच वाक्य घेतलं आणि म्हटलं की प्रेषित आणि सूफी यांच्यातला फरक याहून थोडक्यात सांगता येणार नाही. सूफीला तिथं राहायचं असतं. प्रेषित परततात, आणि परततात तेव्हा इतिहास बदलतो.

पण मला त्याआधीचा प्रसंग जास्त जवळचा. हिरा गुहा. ६१० साल. तिथं ते एकांतात बसायला जायचेच, म्हणजे सुरुवात ध्यानाचीच म्हणा. पहिली वही, म्हणजे अल्लाची वाणी, आली आणि ते घरी आले ते थरथरत. खदीजांना म्हणाले, "मला पांघरूण घाला." आणि त्यांनी घातलं, धीर दिला, सगळ्यात आधी विश्वास ठेवला. शहापूरच्या ताईंना सांगा, दाराबाहेरची बाई इथं नुसती राखणदार नाही.

एक पुस्ती जोडतो, गैरसमज नको म्हणून. आमच्या श्रद्धेप्रमाणं प्रेषितपण तिथं पूर्ण झालं. त्यामुळं बसवण्णा, तुकाराम यांना आम्ही मोठे मानू, औलिया म्हणू, प्रेषित म्हणणार नाही. मोहरमला आमच्याकडच्या खेड्यांत पंजांपुढं नारळ फोडणारे निम्मे लोक हिंदू असतात, त्यांनी हा फरक कधी विचारला नाही, आणि आम्हीही सांगायला गेलो नाही.

शहापूरची सून
@कॅम्पातला, भाऊ, पांघरुणाचं पोचलं. डोळ्यांत पाणी आलं.

संघमित्र
बुद्धाला 'डोळे मिटलेला' म्हणून एका खणात टाकताना जरा थांबा. बोधी मिळाल्यावर शिकवावं की नाही अशी त्याला शंका होती, ब्रह्मा सहंपतीनं विनवणी केली, मग तो सारनाथला पाच जणांकडं चालत गेला, हे परंपरा सांगते. पण बाबासाहेबांनी तर घर सोडण्याचं कारणच वेगळं मांडलं. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात तंटा, शाक्यांच्या संघात युद्धाचा ठराव, आणि सिद्धार्थानं भर सभेत केलेला विरोध. त्यासाठी त्यानं परिव्रज्या पत्करली. म्हणजे ध्यानाच्या आधी सभा आहे. आणि नदीच्या पाण्यावरून भांडणं म्हणजे काय हे म्हादईवाल्यांना...

(संपादक, थांबलो.)

बाबासाहेबांनी हेही बजावलं की बुद्धानं स्वतःला देवाचा दूत म्हटलं नाही. मार्ग दाखवणारा, मोक्ष देणारा नव्हे. १९२५ साली बाबासाहेब निपाणीला बहिष्कृतांच्या परिषदेला आले होते. आमच्या पणजोबांनी त्यांना लांबून बघितलं म्हणे. घरात एवढंच सांगतात की "साहेब उभे राहिले आणि माणसं उभी राहिली". देवाचं नाव न घेता आमोसचं काम करता येतं, एवढंच म्हणणं.

निपाणीचा तंबाखू
आमच्या निपाणीचा उल्लेख झाला, धागा सुफळ संपूर्ण.

बैलहोंगल बस
तुकोबांचं कुणी घेतलंच नाही नीट. "आपुलिया बळें नाहीं मी बोलत । सखा भगवंत वाचा त्याची". साळुंकी गोड बोलते, पण शिकवणारा धनी वेगळा. हे आमोसचं वाक्य नाही का? आणि हाच माणूस "वृक्षवल्ली आम्हां सोयरीं" म्हणतो आणि एकांतात रमतो. पुन्हा तोच "बुडती हे जन न देखवे डोळां" म्हणून खाली येतो. एकाच गाथेत वर जाणं आणि खाली येणं इतक्या वेळा आहे की खण पाडणाऱ्याची करवत बोथट व्हावी.

पेठेतला पुणेकर
@बैलहोंगल बस, +१. (हो, मी सहमत झालो. स्क्रीनशॉट काढा.)

अवांतर: विवेकानंद १८९२ च्या ऑक्टोबरात बेळगावला भाट्यांकडं उतरले होते. पानसुपारी आणि तंबाखू मागितली म्हणून घरातले चकित झाले होते. संन्याशाला काय हवं असेल याची आपली एक कल्पना असते ना! आणि याच माणसानं रामकृष्णांकडं समाधीत बुडून राहायचं मागितलं तेव्हा रामकृष्ण रागावले होते, मला वाटलं तू वडासारखा होशील, हजारोंना सावली देशील, आणि तू स्वतःपुरतं मागतोस?

निपाणीचा तंबाखू
तंबाखू मागितली?! आता आमच्या नावाला बी मान मिळाला.

सदलगेकर
पुन्हा तेच. झाडानं सावली दिली तरच झाड. सावलीचा हिशेब कोण ठेवतं? शांत बसलेल्या माणसाकडं बघून एखाद्याच्या हातातली काठी खाली पडते, ती कुठल्या पेपरात येत नाही.

अथणीची चप्पल
सदलगेकर, तुमचा मुद्दा कळतो, पण काठी कुणाच्या पाठीवर होती त्यावर ते अवलंबून आहे. माझ्या आज्ज्याच्या पाठीवर होती. त्याला शांत बसलेल्याचा उपयोग झाला नाही. ओरडणाऱ्याचा झाला.

सदलगेकर
यावर माझ्याकडं उत्तर नाही. खरंच नाही.

नंदगडी
दोन दिवस गप्प होतो. एलियाचं राहिलं होतं.

राणी ईजबेल जिवावर उठली म्हणून तो पळाला. रानात एका झुडपाखाली बसून म्हणाला, पुरे झालं, मला मरण दे. झोपला. कुणीतरी हलवून उठवलं: भाकर आणि पाणी. पुन्हा झोपला, पुन्हा भाकर. मग चाळीस दिवस चालत होरेब डोंगर. तिथं वारा सुटला, खडक फुटले, वाऱ्यात परमेश्वर नव्हता. भूकंप झाला, त्यात नव्हता. अग्नी, त्यातही नव्हता. मग एक अगदी बारीक, मंद आवाज. एलियानं अंगरख्यात तोंड झाकलं.

आमच्यात कार्मेलाईट म्हणून मौन आणि ध्यानाला वाहिलेला पंथ आहे, तो याच एलियाला आपला मूळपुरुष मानतो. राजाशी भांडणारा संदेष्टा आणि त्याच्या नावानं गप्प बसलेले लोक! पण त्या मंद आवाजानं त्याला काय सांगितलं ते बघा. "एलिया, इथं काय करतोस? आलास त्या वाटेनं परत जा."

हिंदवाडीकरा, तुझ्या वडिलांबद्दल तू माझ्याशी वीस वर्षांत कधी बोलला नव्हतास. इथं लिहिलंस. मी काय म्हणणार.

कोपऱ्यातली खुर्ची
धागा वाचनखुणेत टाकला. कुंद्याचा विषय सोडून दिला आहे.

हिंदवाडीकर
सगळ्यांचे आभार मानायला आलो नाही, एक सांगायला आलोय.

शहापूरच्या ताईंचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. आई शहाऐंशीची. ऐकून हसली, म्हणाली, "भांडं मी पदरानं धरायची ते त्यांच्यासाठी नाही, तू झोपलेला असायचास म्हणून." मग शिपाईकाकांचं काढलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, माळ्यावरची पत्र्याची ट्रंक काढ.

ट्रंकेत कालनिर्णयांच्या गुंडाळ्या, रबरबँड लावून, वर्षावार. वडील नेम किती मिनिटं झाला ते रोज त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीनं लिहायचे. दुधाचा हिशेब आईचा, शाईत. मिनिटं त्यांची, पेन्सिलीत. ११०. ९५. १२०. आजारपणातसुद्धा ४०.

१९८७ काढलं. काकांना काढून टाकलं तो महिना मला माहीत आहे, सहामाही परीक्षा चालू होती. त्या तारखेपासून पुढं चौकोनांत फक्त दूध आहे. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. पान उलटलं, पुढच्या महिन्यातही फक्त दूध. एका चौकोनात पेन्सिलीनं काहीतरी लिहून खोडलंय, इतकं की कागद फाटायला आलाय.

मी म्हटलं, "आई, पण दार तर लोटलेलं असायचं." ती म्हणाली, "असायचं की. आत बसलेले असायचे."

शहापूरची सून
पुन्हा मिनिटं कधी सुरू झाली?

हिंदवाडीकर
डिसेंबरात. ५. मग ५. मग ७.